एमएम ५४० च्या चासीत डीआय इंजिन: बसवावं का?

राधानगरीकर

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसता वाचत होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

काकांची १९८९ ची महिंद्राची एमएम ५४० जीप माझ्याकडे आली आहे. फोर व्हील. चासी ठणठणीत, कारण काका दर वर्षी मिरगाच्या आधी गाडी उभी करून खालून जळकं ऑइल फासायचे. पत्रा दोन-तीन ठिकाणी सडलाय, तो बदलून घेईन. रडगाणं इंजिनाचं आहे. एक्सडीपी ४.९०, म्हणजे प्युजोचं २११२ सीसीचं डिझेल. सकाळी दोनदा हीटर दिल्याशिवाय उठत नाही. उठलं की आधी पांढरा धूर, तापल्यावर निळा. ऑइल भरायचं झाकण काढलं तर आतून भकाभका वाफ येते. दाजीपूरच्या वाटेवर चार माणसं बसवली की पहिल्या-दुसऱ्यातच खेळत राहावं लागतं.

गावातला मिस्त्री म्हणतो, "प्युजोचा नाद सोडा. कमांडर डीआयचं इंजिन आणून देतो, दोन दिवसांत बसवतो. बोल्ट टू बोल्ट." (कमांडर म्हणजे महिंद्राचीच लांब जीप, डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनचं डिझेल.) दहा हजार टोकन देऊनही बसलोय.

कुणी केलंय का हे? गाडी शेतावर आणि पावसाळ्यात डोंगरात फिरवायची आहे. मुंबई-पुणे करायचं नाही.

उद्यमनगरी

टोकन आधी आणि धागा नंतर! भावा, उलटं करायला पाहिजे होतंस.

"बोल्ट टू बोल्ट" म्हणणाऱ्या मिस्त्रीला एकच विचार: कमांडरची गिअर बॉक्स माझ्या ट्रान्स्फर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) लागते का? वडापच्या, म्हणजे सीटवर पॅसेंजर भरणाऱ्या, कमांडर बहुतेक टू व्हील होत्या. त्या बॉक्सची शेपटी वेगळी. तुझ्या बॉक्सच्या मागे डाना १८ ही ट्रान्स्फर केस लटकतेय. म्हणजे बॉक्स तुझीच ठेवायची आणि पुढे इंजिन परकं. मधे बेल हाउसिंग आली, म्हणजे दोघांना जोडणारं क्लचवरचं खोकं. सगळी रामकहाणी तिथंच आहे.

दुसरं. इंजिन मेलंय हे कुणी ठरवलं? धूर बघून? कॉम्प्रेशन मोजलं का चारी सिलिंडरचं? नोझल टेस्टरवर लावले? हीटर प्लग एकेक काढून बॅटरीवर लाल होतात का बघितलं? पांढरा धूर निम्म्या वेळा तिथंच असतोय. निळा आणि वाफ मात्र रिंग-लायनरची भाषा आहे, ते मान्य.

सूतभर

इंजिन बदलायची चर्चा निघाली की सगळे ताकदीवर बोलतात, म्हणून आधी आकडे मांडतो.

एक्सडीपी ४.९०: २११२ सीसी, ६२ अश्वशक्ती, ४५०० फेऱ्यांवर. टॉर्क साधारण १२० न्यूटन मीटर.

बोलेरोचं टर्बो डीआय (कमांडरच्या डीआयच्याच घराण्यातलं): २५२३ सीसी, ६३ अश्वशक्ती, ३२०० फेऱ्यांवर. टॉर्क १८०, तोही १५०० फेऱ्यांच्या आसपास.

अश्वशक्ती वाढली किती? एक. जास्तीचा मिळतो तो टॉर्क, दीडपट, आणि तो खाली मिळतो. म्हणजे चढाला खरंच फरक पडणार. पण वरच्या तेराशे फेऱ्या हातातून गेल्या, त्याचं काय? त्यासाठी मागच्या एक्सलचं हाउसिंग उघडून क्राउन-पिनियनचे (चाकांना फिरवणारी शेवटची गिअरची जोडी) दाते मोज. माझ्या गाडीत ३९ आणि ८ निघाले, म्हणजे ४.८८. टायर ६.००-१६. चुन्याची खूण करून टायर एक फेरी ढकलला, सव्वादोन मीटर भरले.

टॉप गिअर सरळ एकास एक. ४.८८ वर ३२०० फेऱ्यांना वेग येतो ८८. हा इंजिन बोंबलत असतानाचा वेग. डीआय खूश असतं १८०० ते २२०० मध्ये, म्हणजे ५० ते ६१. हायवेला ८० धरलास तर २९०० फेऱ्या. एक्सडीपीला २९०० म्हणजे काहीच नाही, ते फिरणारं इंजिन आहे. डीआय मुळात ट्रॅक्टरच्या घराण्यातलं, त्याला तिथे घाम फुटतो.

मग लोक ३.७३ चा सेट टाकतात. टाकला की ८० ला २२०० येतात, छान. पण फोर व्हील असल्यामुळे पुढच्या एक्सललाही तोच सेट हवा, नाहीतर फोर लावताच पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात. म्हणजे खर्च दुप्पट. इंजिनाच्या किमतीत हा कुणीच धरत नाही.

राधानगरीकर

बाप रे. दाते मोजतो. पण सूतभर, मी हायवेला जाणारच नाही. मग ४.८८ च राहू दिला तर?

सूतभर

तर मग इंजिन आणि एक्सल यांचं जमतंय. त्या वापराला मी नाही म्हणणार नाही. फक्त १८० चा टॉर्क खालच्या रेंजमध्ये डाना १८ च्या २.४६ ने गुणून पुढे जातो. पस्तीस वर्षांचे हाफ शाफ्ट, पस्तीस वर्षांचे जॉइंट. दगडात चाक अडकलं आणि तू पाय दाबलास की सगळ्यात कच्चा भाग तुटतो. आत्तापर्यंत इंजिनच कच्चं होतं, म्हणून बाकीचे वाचले.

काळाकोट

तांत्रिक गोष्टी तुम्ही बघा, कागदाचं मी सांगतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर जे तपशील कंपनीच्या मूळ नोंदीप्रमाणे आहेत त्यांच्याशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. सीएनजी, बॅटरी अशा इंधनबदलाच्या मंजूर किटला सवलत आहे. इंजिन बदलाबद्दल कायद्यात जी शब्दयोजना आहे ती "त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं". मेक तुमचा जुळेल, दोन्ही महिंद्राच. प्रकार? २११२ आणि २५२३. आरसीवर सीसी लिहिलेली असते आणि इंजिन नंबरही असतो.

९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हा मुद्दा आवळला: कंपनीच्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणारा बदल नोंदता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं. मालकाने नियमबाह्य बदल केला तर दर बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

दंड तरी परवडतो. माझ्या अनुभवात खरी भीती विम्याची. उद्या गाडीखाली कोणी आलं आणि सर्व्हेअरने इंजिन नंबर पाहिला, तर विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. मी त्या बाजूने उभा राहिलोय, म्हणून सांगतो.

आधी लेखी अर्ज, मग काम. आणि जुन्या इंजिनाचं बिल मागा. भंगारातलं इंजिन बिलाशिवाय घेतलं आणि ते चोरीच्या गाडीचं निघालं, तर कलम ५२ आठवायलाही वेळ मिळणार नाही.

चिखलराणी

सगळे असंच घाबरवतात. आंबोलीला, लोणावळ्याला ऑफरोडला जाते तेव्हा दर तिसऱ्या जीपमध्ये दुसरंच इंजिन असतं. कोणाला कैद झालेली मी पाहिली नाही.

काळाकोट

ताई, मीही पाहिली नाही. पण अपघाताच्या दाव्यात मालकाच्या नावावर बसलेली रक्कम पाहिली आहे.

आबा सातारकर

पोरांनो, या सगळ्यात एक गंमत विसरताय.

आपल्या गावागावात जी उंच बॉनेटची जीप होती, सीजे ३बी, तिचं नाक एवढं उंच का? कारण विलिस कंपनीनेच जुन्या चासीत दुसरं इंजिन बसवलं! आधीच्या ३ए मध्ये बुटकं इंजिन होतं. १९५३ साली त्यात हरिकेन टाकलं. हरिकेनचे इनटेक वॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे ब्लॉकमध्ये, त्यामुळे डोकं वर आलं आणि बॉनेट बसेना. मग बॉनेट आणि जाळीच उंच केली. अमेरिकेत लोकांनी नावं ठेवली. आपल्याकडे तेच रूप अर्धशतक चाललं आणि जीप म्हणजे हीच असं आपण समजून बसलो.

महिंद्राने तरी वेगळं काय केलं? पेट्रोल महाग झालं तसं जीपमध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल घातलं. त्यानंतर प्युजो. त्यानंतर स्वतःचं डीआय. चासी तीच, वर पाहुणे बदलत राहिले.

आमच्या सातारा-मेढा वडापमध्ये तर अर्ध्या जीपा पेट्रोलच्या डिझेल केलेल्या. माझ्या भावाच्या सीजे ३बी मध्ये मॅटाडोरचं इंजिन होतं. मर्सिडीजच्या परवान्यावर आकुर्डीत बनायचं ते, २३९९ सीसी. भाऊ स्टाफरूममध्ये सांगायचा, "माझ्याकडे मर्सिडीज आहे." (तो शाळेत शिपाई होता, सकाळ-संध्याकाळ वडाप.) त्या मर्सिडीजने त्या जीपचा क्रॉस मेंबर तीनदा तोडला. पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल उभं केलं की बंद-चालू होताना जो हिसका बसतो, तो चासीला माहीत नसतो.

उद्यमनगरी

आबा, एक नंबर. पण फरक बघा, कंपनीनं इंजिन बदललं तेव्हा जिथं जिथं अडलं तिथं बाकीचंही बदललं. रेडिएटर, माउंटिंग, हाउसिंगचे दाते. मिस्त्री फक्त इंजिन बदलतोय आणि उरलेलं आपण रस्त्यावर बदलत बसतोय.

पेट्रोलची डिझेल करणाऱ्यांसाठी दोन ओळी, कारण हे कायम राहतंय. पेट्रोलच्या टाकीला एकच पाइप असतोय, डिझेलला पंपाकडून परतीचाही लागतो. डिझेल किल्ली काढून बंद होत नाही, स्टॉपची केबल नाहीतर सोलेनॉइड पाहिजे. आणि ब्रेकला बूस्टर असेल तर डिझेलला व्हॅक्यूम तयार होत नाही, अल्टरनेटरच्या पाठीवर व्हॅक्यूम पंप असलेला घ्यायचा. एका गाडीत हे राहिलं होतं. गाडी चढाला मस्त गेली. उताराला ब्रेक दगड!

चिखलराणी

माझ्या जिप्सी ४१० मध्ये १३०० चं इंजिन टाकायचंय, त्याबद्दल पण सांगा ना कोणी.

सूतभर

त्याला वेगळा धागा काढा, नाहीतर हा पण हाताबाहेर जाईल. एवढंच सांगतो, १३०० म्हणजे एस्टीमचं म्हणत असाल तर ते इंजिन आडवं बसतं आणि जिप्सीचं उभं. सगळं जुळेल असं धरू नका.

घाटवाट

उशिरा आलो. राधानगरीकर, हेच मी २०१६ साली केलंय. तीच एमएम ५४०, तोच एक्सडीपी, तेच कमांडरचं डीआय, आणि तेच "दोन दिवसांत". सात महिने लागले. बैजवार लिहितो, तुमचे पैसे वाचतील.

पहिलं म्हणजे बेल हाउसिंग. उद्यमनगरी म्हणतात तसंच झालं. कमांडरची बॉक्स ट्रान्स्फर केसला लागेना. मग गॅरेजने (नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता, घाईचा होता) बारा एमएमच्या प्लेटमधून अडॅप्टर कापला. भोकं कशी आखली? बेल हाउसिंगला ग्रीस लावून प्लेटवर दाबली आणि ठशावर पंच मारला. भोकं जुळली, बोल्ट लागले, सगळे खूश. पण इनपुट शाफ्ट क्लच प्लेटमधून पुढे सरकेना. शेवटची दोन सूत उरली, ती त्यांनी बेलचे बोल्ट आवळून ओढून घेतली. मी तिथे चहा पीत उभा होतो. मला तेव्हा कळलं नाही की आपलं इंजिन आपल्यासमोर मारलं जातंय.

तीनशे किलोमीटरमध्ये फ्लायव्हीलच्या मधलं पायलट बेअरिंग जळालं. क्लच दाबला तरी शाफ्ट फिरत राहायचा, रिव्हर्स पडताना दळण दळल्यासारखा आवाज. खोललं तर क्लच प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा मोकळ्या होऊन खुळखुळत होत्या.

मग कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या टर्नरकडे गेलो. त्यांनी काहीच न बोलता फ्लायव्हीलवर डायल गेज लावला, काटा बेलच्या भोकाच्या कडेला टेकवला आणि हाताने क्रँक फिरवला. एका फेरीत काटा ४० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हलला. म्हणजे मध्य २० थाउंनी सरकलेला. "हे पाच थाउच्या आत पाहिजे," एवढंच म्हणाले. प्लेट नवीन केली, मधलं भोक इंजिनावर लावूनच बोअर केलं, आणि जागा पक्की धरायला दोन डॉवेल पिना ठोकल्या. बोल्ट फक्त आवळतात, जागा पिना धरतात. हे वाक्य त्यांचंच. नंतर काटा फिरला ८ थाउ, म्हणजे फरक ४. त्यानंतर आजपर्यंत क्लचकडे बघितलेलं नाही.

दुसरं म्हणजे चेंबर, इंजिनाखालचं ऑइलचं भांडं. आपल्या जीपचा पुढचा डिफ (डिफरन्शियल, एक्सलवरचा गोळा) मधोमध नसतो, ड्रायव्हरच्या बाजूला असतो. सपाट जमिनीवर चेंबर आणि डिफमध्ये माझी चार बोटं जात होती. पहिल्याच ओढ्यात उजवं चाक दगडावर चढलं, एक्सल वर आला आणि डिफच्या टाळक्याने चेंबरला टपली मारली. ऑइल गेलं नाही, पण खळगा पडून आतली पिकअपची (ऑइल ओढणाऱ्या पाइपची) जाळी चेपली. दिवा लागला म्हणून वाचलो. तेव्हा इंजिन कायमचं बसवण्याआधी हे करा: पुढचे बंप रबर काढा, एका बाजूला एक्सलखाली जॅक लावा आणि पाटे पूर्ण सरळ होईपर्यंत वर उचला. मग दुसऱ्या बाजूला तेच. त्या अवस्थेत बोटभर जागा राहिली पाहिजे. माझी राहत नव्हती. इंजिन वर उचलावं तर बॉनेट लागतं, मागे सरकवावं तर फायर वॉल. शेवटी चेंबर कापून त्याचा खोलगट भाग मागे घेतला आणि पिकअपचा पाइपही तेवढाच लांबवला. लोक चेंबर कापतात आणि पाइप विसरतात.

तिसरं, माउंटिंग. आमचे मिस्त्री त्याला फाउंडेशन म्हणतात. जाड अँगल चासीला आडवा वेल्ड केला होता. वर्षभरात वेल्डच्या कडेने केसासारखी चीर गेली. धुताना दिसली. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग कधीच करायचं नाही. पट्टी तिथेच ठिसूळ होते आणि तिथेच उकलते. उभ्या बाजूला फिश प्लेट लावून, टोकं निमुळती करून, त्यावर बोल्टने ब्रॅकेट. आणि रबर कंपनीचेच, टायरचे तुकडे नाहीत. थंड डीआय सुरू करताना बघा, अख्खं इंजिन अंग झटकतं.

गरम होण्याचं थोडक्यात: पंखा रेडिएटरला लागत होता म्हणून मिस्त्रीने काउल (पंख्याभोवतीचं कडं) काढून फेकलं. हायवेला काटा मधे. पण लो रेंजला, चालायच्या वेगात समोरून वारा नसतो, सगळी भिस्त पंख्यावर आणि काउल नसलं की पंखा तीच तीच गरम हवा घुसळतो. काउल परत केलं, काटा खाली आला.

राधानगरीकर

वाचून टोकन परत मागावंसं वाटतंय. म्हणजे करू नये असंच ना?

घाटवाट

असं मी कुठे म्हणालो?

लो रेंज, पहिला गिअर. तिन्ही पेडलवरून पाय काढून घ्यायचा. डीआय नुसत्या आयडलवर, ढक ढक ढक करत, गुडघाभर दगडांतून वर चढतं. एक्सडीपीला तिथे ॲक्सिलरेटर द्यावा लागायचा. दिला की चाक फिरायचं, फिरलं की खड्डा पडायचा. आता चाक फिरतच नाही. हे मी कोणाला शब्दांत सांगू शकत नाही, एकदा येऊन बसा.

पण कागदाचं काळाकोट म्हणतात ते खरं आहे. माझा अर्ज अडकला तो अडकलाच. म्हणून माझी गाडी रस्त्यावर येत नाही. माझ्या रानात आणि खासगी जागेतल्या ऑफरोडला, तेही ट्रकवर चढवून. हा खर्चही लिहून ठेवा.

मेलबर्नचा मावळा

इथे व्हिक्टोरियात इंजिन बदलायला मान्यताप्राप्त इंजिनिअर तपासून सर्टिफिकेट देतो, त्याला व्हास म्हणतात. मित्राने जुन्या फोर व्हीलमध्ये मोठं इंजिन टाकलं. इंजिनिअरने इंजिनाकडे बघितलंच नाही म्हणा ना. आधी ब्रेक बघितले, मग माउंटिंगचे वेल्ड. इंजिन दुकानात मिळतं, ब्रेकचं कोणी विचारत नाही, असं म्हणाला. पैसे भरपूर घेतले, पण गाडी कायदेशीर रस्त्यावर आहे.

आपल्याकडे असा माणूसच नाही, ज्याच्याकडे काम नीट करून दाखवायला नेता येईल. त्यामुळे नीट करणारा आणि टायरचे तुकडे लावणारा, दोघेही सारखेच बेकायदा.

काळाकोट

हे मात्र मला मान्य आहे.

राधानगरीकर

तीन आठवड्यांनी अपडेट. रागावू नका, ऊस तोडणी चालू होती.

१. दाते मोजले. ३९ आणि ८. सूतभरांचीच गाडी.

२. कॉम्प्रेशन मोजलं. एक, दोन आणि चार थोडे खाली पण एकसारखे. तीन नंबर अगदीच पडलेला. उद्यमनगरींनी सांगितलं तसे हीटर प्लग काढले, चारातले दोन मेलेले. नवे टाकले आणि सकाळचा पांढरा धूर निम्मा झाला! पाच वर्षं काका दोनदा हीटर देत होते.

३. घाटवाटांकडे जाऊन आलो. त्यांनी पाय काढून घ्यायला लावला आणि गाडी ओढ्यातून स्वतः वर आली. मी काही बोललोच नाही. परत येताना बायकोने विचारलं, काय ठरलं? म्हटलं, इंजिन बदलायचं. मग रात्री काळाकोटांची पोस्ट पुन्हा वाचली. माझी गाडी शेतातून निघाली की दीड किलोमीटर डांबरी रस्ता, बाजारपेठ आणि शाळा. ट्रकवर चढवून शेतात नेणं मला जमायचं नाही.

तर हेड खोललं. तीन नंबरची रिंग तुटून लायनरला उभा ओरखडा. ब्लॉक शाबूत. लायनर वेट आहेत, उपसून नवे बसवता येतात, पिस्टनसकट. क्रँक मायक्रोमीटरने मोजून घेतला, पहिल्या अंडरसाइझला ग्राइंड होईल म्हणाले. नोझल टेस्टरवर लावले, दोन नळासारखे गळत होते.

मिस्त्रीने टोकनमधले सहा हजार परत दिले. चार हजार "आणण्याचा खर्च". इंजिन आणलंच नव्हतं, पण जाऊ दे.

उद्यमनगरी

चार हजारात शहाणपण स्वस्त पडलं. क्रँक ग्राइंड झाला की ऑइलची भोकं तारेनं साफ कर, ग्राइंडिंगची राख तिथं बसते. आणि लायनर वरून किती बाहेर राहतोय ते चारी ठिकाणी मोजून बघ, कमी-जास्त झालं तर हेडचं पॅकिंग सहा महिन्यांत उडतंय.

सूतभर

मग आता दुसऱ्या-पहिल्यात खेळायचंच. वाईट वाटून घेऊ नका, ४.८८ आहे, नीट केलेलं एक्सडीपी दाजीपूर चढतं. माझं चढतं.

चिखलराणी

शेवटी काय, सगळ्यांनी मिळून एक छान इंजिन बदल हाणून पाडला. 😄

राधानगरीकर

ताई, घाटवाटांच्या गाडीत बसून आल्यापासून मलाही तसंच वाटतंय.

घाटवाट, एक विचारायचं राहिलं. माझ्या फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते एका बाजूने पार झिजलेत. सेल्फ मारला की तिथे नुसता खर्र आवाज येऊन सटकतो. कुर्ल्याच्या बाजारात माणूस पाठवला होता, त्याने दाखवलं ते दुसऱ्याच मापाचं निघालं. तुमचं काढलेलं एक्सडीपी अजून आहे का?

घाटवाट

गोठ्यामागच्या शेडमध्ये आहे. त्यावर कोंबडी अंड्यावर बसलीय. पंधरा दिवस थांबा आणि मग पूर्ण इंजिनच घेऊन जा, फ्लायव्हील, हेड, पंप, सगळं. चेन पुली आणि चार माणसं आणा, एकट्याने उचलायला बघू नका.

येताना माझा डायल गेज परत आणा. तुम्ही तो पिशवीत घालून घेऊन गेलात.